हंसपदीची विस्मृती

कुंडीतल्या नेच्याची हौस ही प्रामुख्याने व्हिक्टोरियन इंग्लंडची देणगी आहे, आणि तिच्या मुळाशी लंडनचा धूर आहे. १८२९ मध्ये नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टराने बंद बाटलीत ओलसर मातीवर पतंगाचा कोश ठेवला. त्या मातीतून आपोआप नेचा उगवला. बाहेरच्या धुरात मरणारी ही वनस्पती काचेआड जगते, हे त्याला उमगले. पुढे ही हौस इतकी बोकाळली की १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जलीने तिला ‘टेरिडोमेनिया’, म्हणजे नेच्यांचे वेड, असे नाव दिले. सदैव ओला, सदैव हिरवा ही नेच्याची प्रतिमा या काचपेटीतून आली.

आपला हंसराज या प्रतिमेत बसत नाही. संस्कृतात तो हंसपदी. सुश्रुताने विदारिगंधादि गणात हंसपादी सांगितली आहे आणि बहुतेक अभ्यासक ती हीच मानतात. १७५३ मध्ये लिनियसने मात्र त्याच्या शास्त्रीय नावात फिलिपाईन्सचा उल्लेख गोवला. घरचे नाव पोथीत राहिले, परके नाव शास्त्रात रुजले.

रामदासपेठेतल्या आमच्या बागेत हंसराज उत्तरेकडच्या भिंतीशी, चुन्याच्या जुन्या गिलाव्याच्या चुऱ्यात वाढतो. जूनच्या सरींबरोबर काळ्या चकचकीत देठांवर अर्धचंद्राकृती पर्णिका उलगडतात. पानाचे टोक लांबून मातीला टेकले की तेथे नवे रोप फुटते; जणू हा नेचा पावले टाकीत पुढे सरकतो. पाऊस सरला की पाने वाळतात आणि उन्हाळ्यात वर काहीच उरत नाही. जमिनीतले लहानसे खोड तेवढे जिवंत असते. काचपेटीच्या संस्कारातला माळी त्याला मेलेला समजून उपटून टाकतो. ती जागा न खणता पावसाची वाट पाहणे, एवढीच हंसराजाची खरी निगा.

साहित्याच्या वाचकाला येथे ‘शाकुंतला’चा पाचवा अंक आठवेल. हंसपदिका पडद्याआड गाते. आपण विसरले गेलो, हा तिचा उपालंभ. दुष्यंत अस्वस्थ होतो, पण शकुंतला त्याला आठवत नाही. वनस्पतीवरून पात्राचे नाव पडले, असा आमचा दावा नाही. तरीही वर्गात हंसपदिकेचे गीत शिकवणाऱ्या आम्हा अध्यापकांपैकी किती जणांना भिंतीवरची हंसपदी ओळखता येते? देशी वनस्पती लावणे म्हणजे केवळ रोप आणणे नव्हे. शब्द आणि वस्तू यांची तुटलेली ओळख पुन्हा जुळवणे हाही त्या बागकामाचाच भाग आहे.