केडंब्याचे तुकाराम ओंबळे

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिही, असा निरोप आला तेव्हा मी चापेकर बंधूंवर लिहीन असेच सगळ्यांना वाटले असणार. चिंचवडकरांना तो विषय तोंडपाठ. पण आपल्या वर्गातले काहीजण पोलिसात गेले, आणि दर वर्षी २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, ग्रुपवर त्यांचेच मेसेज आधी येतात. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

जावळी तालुक्यातली किती कुटुंबे भोसरी-चाकणला पोटापाण्यासाठी आली, हे आपल्या हजेरीपटावरच दिसायचे. त्याच तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. आधी लष्करात नोकरी केली, मग १९९१ मध्ये मुंबई पोलिसात भरती झाले. २००८ साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होते.

२६ नोव्हेंबर २००८. माझी तेव्हा दुसरी पाळी होती. कँटीनच्या टीव्हीसमोर सगळे उभे, जेवण कुणाला सुचत नव्हते. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले होते. कसाब आणि इस्माईल त्यांचीच गाडी घेऊन निघाले, टायर गेल्यावर एक स्कोडा पळवली. मध्यरात्रीनंतर ती गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी आली. वळून पळायच्या नादात दुभाजकावर अडकली. गोळीबारात इस्माईल मेला. कसाब गाडीतून बाहेर पडला तेव्हा ओंबळे त्याच्यावर धावून गेले आणि एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात जात राहिल्या, पकड सुटली नाही. सहायक निरीक्षक संजय गोविलकर जखमी झाले. बाकीच्यांनी कसाबला पाडले.

ओंबळेंच्या हातात होती लाठी! हे आपण फार सहज बोलून जातो. आमचा बाकावरचा मित्र, आता हवालदार, एकदा म्हणाला, “अरे, शौर्य मान्यच. पण त्या माणसाला लाठी घेऊन उभं का राहावं लागलं, हेपण विचारा की.” मला त्याचे म्हणणे पटते. नुसता हार घालून आपण तो प्रश्न टाळतो.

दहा हल्लेखोरांपैकी एकटा कसाब जिवंत सापडला. त्यामुळे कराचीहून समुद्रमार्गे आलेला कट, ‘कुबेर’ नौका, लष्कर-ए-तय्यबाचे प्रशिक्षण हे सारे न्यायालयात मांडता आले. ६ मे २०१० रोजी त्याला फाशीची शिक्षा झाली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबरच्या सकाळी येरवडा कारागृहात अंमलबजावणी झाली. आपल्यापासून किती जवळ! आम्हाला मात्र ते कंपनीच्या बसमध्ये रेडिओवर कळले.

ओंबळेंना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शास्त्राच्या सरांना आवडेल अशी एक गोष्ट राहिली. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ मध्ये नाव दिले ‘आयसियस तुकारामी’. सर, पुढच्या भेटीत त्याचे चित्र फळ्यावर काढून दाखवाल ना?