दोन इंग्रजी शब्द आणि बोरघाट

श्रोतेहो, सभेत एखाद्या पाहुण्यास उठवून ‘दोन शब्द बोला’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्या दोन शब्दांचे पुढे दोन हजार होतात, आणि कोणी मोजीत नाही. ‘दोन दिवस राहा’, ‘दोन घास खाऊन जा’ यांतले ‘दोन’ही असेच अघळपघळ. मी मात्र आज खरोखरच दोन शब्दांविषयी बोलणार आहे. दोन्ही इंग्रजी आहेत. एक ‘पेअर’ आणि दुसरा ‘कपल’. शाळेतील कोशात दोहोंचाही अर्थ ‘जोडी’ असा दिलेला असतो. माझी सारी नोकरी कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत मुलांना लिहिण्यावाचण्यास शिकविण्यात गेली, आणि मीही तोच अर्थ सांगत आलो. तो अपुरा आहे हे मला एका विद्यार्थ्याने शिकविले. ती हकीकत आधी सांगतो, कारण तीत माझी चूक आहे आणि चूक लवकर सांगून टाकलेली बरी.

सातवीच्या वर्गात मी शब्द देऊन वाक्ये करावयास सांगितली होती. त्यांत ‘कपल’ हा शब्द होता. बहुतेकांनी राम आणि सीता यांचे वाक्य केले. एका मुलाने लिहिले होते की, माझे वडील इंजिन कपल करतात. मी त्यावर लाल रेघ ओढली आणि सर्वांदेखत विचारले, “कपल म्हणजे जोडपे. तुझे वडील काय इंजिनाचे लग्न लावतात?” वर्ग हसला. मुलगा उभा राहून हळूच म्हणाला, “गुरुजी, बाबा स्टेशनात कामाला आहेत. तिथे सगळे असेच म्हणतात.” मी म्हणालो, “स्टेशनातले इंग्रजी स्टेशनात ठेवावे.” तो खाली बसला. त्या वाक्याचा गुण त्याला मिळाला नाही.

पुढे दिवाळीच्या सुटीत मी पुण्यास निघालो होतो. कर्जतला गाडी थांबली. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे पाय मोकळे केले असतील, परंतु गाडी येथे इतका वेळ का थांबते हे पाहावयास शेवटच्या डब्यापर्यंत कोण जातो? मी त्या दिवशी गेलो. कर्जतपासून पुढे बोरघाट लागतो. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा त्याचा चढ आहे. पुढच्या एकट्या इंजिनास तो झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीमागे दोन-तीन इंजिने लावतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी रेटीत नेतात. त्यांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात. पेढीशी त्या शब्दाचा काही संबंध नाही, चढणीला इंग्रजीत ‘बँक’ असेही म्हणतात, त्यावरून तो आला.

इंजिने सावकाश मागून आली आणि डब्याला टेकली. एक मनुष्य वाकून रुळांवर उतरला, डबा आणि इंजिन यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरला, लोखंडाची जड कडी उचलून त्याने आकड्यात घातली आणि मधला स्क्रू फिरवून ती आवळली. मग बाहेर येऊन हात वर केला. त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो मण लोखंड होते. ते हातभर जरी हलले असते तरी त्याचे काय झाले असते हे सांगावयास नको. शेजारी उभ्या असलेल्या एकाने दुसऱ्यास ओरडून सांगितले, “कपल झाली!” हा त्या मुलाचा बाप होता की दुसरा कोणी, हे मला ठाऊक नाही. परंतु मला माझी लाल रेघ आठवली.

घरी परतल्यावर मी मोठा कोश उघडला. ‘कपल’ हा शब्द मुळात लॅटिन भाषेतील ‘कोप्युला’ या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘कोप्युला’ म्हणजे बंधन, दोन वस्तूंना एकत्र धरून ठेवणारा बंध. शिकारी कुत्री दोन-दोन करून ज्या पट्ट्याने बांधीत, त्या पट्ट्यालाही इंग्रजीत ‘कपल’ म्हणत. नवराबायको या अर्थी तो शब्द जुना आहेच, परंतु तेथेही मूळ कल्पना बांधले जाण्याचीच. व्याकरणात कर्ता आणि त्याचे विधान यांना सांधणाऱ्या क्रियापदास ‘कोप्युला’ असेच नाव आहे. म्हणजे जी गोष्ट मी व्याकरणाच्या तासाला शिकवीत होतो, तीच कर्जत स्टेशनात एक मनुष्य हातांनी करीत होता.

‘पेअर’चे कुळ निराळे. तो ‘पार’ या लॅटिन शब्दापासून आला, आणि त्याचा अर्थ सारखा, बरोबरीचा. एकसारख्या दोन वस्तू म्हणजे ‘पेअर’. मोजे, बांगड्या, वहाणा या ‘पेअर’ होत. एक हरवली तर दुसरी निरुपयोगी, कारण त्या एकमेकींच्या जोडीच्या आहेत. इंग्रज मनुष्य तर कात्रीलाही ‘पेअर’ म्हणतो आणि विजारीलाही. कात्रीची दोन पाती व विजारीचे दोन पाय त्याला सारखे दिसतात, म्हणून एका वस्तूस तो दोन करून मोजतो. आपल्याला कात्री एकच दिसते. हा हिशेब मुलांच्या गळी उतरविताना मी अनेक वर्षे घाम गाळला आहे. इंग्रजीत आणखीही शब्द आहेत. ‘ब्रेस’ हा मुळात दोन बाहूंसाठी होता, तो पुढे शिकारीच्या पक्ष्यांच्या जोडीस लागला. ‘योक’ म्हणजे जू, आणि त्यावरून बैलांची जोडी. हा ‘योक’ तर आपला आप्तच होय. संस्कृतातील ‘युग’, त्यापासून आलेले आपले ‘जू’ आणि इंग्रजांचे ‘योक’ ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडे आहेत.

मग मी मराठीकडे वळलो आणि अधिकच ओशाळलो. आपल्याकडे या दोनांची किती नावे आहेत पाहा! बैलांची जोडी, पाटल्यांचा जोड, लक्ष्मीनारायणाचा जोडा, युगुल, दंपती. जोडीतील माणसे फारशी बरी नसतील तर दुक्कल. कुळाचारास जेवावयास बोलाविले तर मेहूण. हे ‘मेहूण’ संस्कृत ‘मिथुन’ शब्दापासून आले. संस्कृतात दोनांसाठी स्वतंत्र द्विवचन होते. मराठीने ते टाकले. परंतु ‘दोन’, ‘दोघे’, ‘दोघी’, ‘दोन्ही’ असे वेगवेगळे शब्द ठेवून माणसे व वस्तू, पुरुष व स्त्रिया यांचा भेद जपला. आणि ज्या शब्दावरून मी त्या मुलाला हसलो तो ‘जोडपे’ शब्द कोठून आला? ‘जोडणे’ यापासूनच. इंजिन जोडतात आणि संसारही जोडतात. मला लॅटिनपर्यंत जाण्याचे कारणच नव्हते. माझ्याच भाषेत तो मुलगा बरोबर होता.

येथवर ही शब्दांची गोष्ट झाली. परंतु ज्या घाटाच्या पायथ्याशी ती घडली, त्या घाटाचा इतिहासही याच दोन शब्दांत सांगता येतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. म्हणजे एकसारखे दोन लोहमार्ग तयार झाले, एक कोकणात आणि एक देशावर. ती ‘पेअर’ झाली, ‘कपल’ नव्हे. खोपोलीस उतरलेला उतारू पालखीत, तट्टावर किंवा पायी, सर जॉन माल्कमच्या कारकीर्दीत १८३० मध्ये खुल्या झालेल्या गाडीरस्त्याने घाट चढून खंडाळ्यास दुसरी गाडी धरी. पाच वर्षे असे चालले होते.

मधला सांधा जोडावयास केवळ सोळा मैल रूळ पाहिजे होते. परंतु त्या सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ होता, पंचवीस बोगदे होते आणि आठ मोठे पूल होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखणी केली. १८५६ मध्ये फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराने काम सुरू केले आणि १८५९ मध्ये सोडून दिले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. पटकी आणि हिवतापाने त्यांतील फार मोठी संख्या बळी पडली. सांधा जोडणाऱ्यास दोन्ही बाजूंच्या मधे शिरावे लागते, हे मी कर्जतच्या फलाटावर पाहिले होते. घाटाच्या बाबतीतही तेच घडले.

फॅव्हिएलच्या मागून सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ मध्ये विलायतेहून आपल्या पत्नीसह आला, आणि आल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने काय करावे अशी लोकांची अपेक्षा असेल? परत जावे. तिने तसे न करता ठेका स्वतःकडे घेतला, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघा जाणत्या अभियंत्यांवर कामाची व्यवस्था सोपविली आणि घाट पुरा करून दाखविला.

येथे ‘कपल’ शब्दाचा एक निराळाच पैलू दिसतो. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने नवराबायको मिळून एकच व्यक्ती मानली जाई, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. विधवेला येत असे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा हक्क मान्य करणारा मोठा कायदा इंग्लंडात १८८२ मध्ये झाला. तेव्हा ॲलिसबाईची सही बोरघाटाच्या कामास लागली ती जोडी मोडल्यानंतरच. पती जिवंत असता तर तिच्या अंगी कर्तृत्व असूनही कागदावर तिचे नाव आले नसते. बांधलेली जोडी आणि बरोबरीची जोडी यांतले अंतर एवढे मोठे आहे. दोन माणसे ‘कपल’ असतात, म्हणून ती ‘पेअर’ असतातच असे नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली तो दिवस पाहावयास नव्हता. आदल्या वर्षीच तो निवर्तला. मुंबई आणि पुणे त्या वर्षी रुळांनी प्रथम जोडली गेली, आणि खालापूरच्या बाजूचे खोपोली हे मुख्य मार्गावरचे स्थानक न राहता फाट्यावरचे झाले. पूर्वी घाटात वाटेवर एक उलटे स्थानक होते. तेथे गाडी थांबे, इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला जोडीत आणि गाडी दिशा बदलून पुढे चढे. १९२९ मध्ये नवीन वळण काढल्यावर ते बंद झाले, आणि त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली. आता नवीन डब्यांना मधोमध आपोआप धरणारा सांधा असतो. दोन हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तसा तो बसतो. त्यामुळे माणसाने मधे शिरून जड कडी उचलण्याचे ते जोखमीचे काम पुष्कळ कमी झाले आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे.

हल्ली कर्जत परिसरात शेतघरे आणि विश्रामगृहे पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या पाट्यांवर ‘कपल’ शब्द दिसतो. बाजारात एखादा तरुण ‘कपल ऑफ डेज’मध्ये पैसे देतो म्हणतो, तेव्हा ते दोन दिवस आपल्या ‘दोन शब्दां’इतकेच लांबतात. शब्द असा फिरत फिरत सैल होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याचा मूळचा घट्ट अर्थ ज्यांच्या हातांत होता, ती माणसे आपण विसरू नयेत. कोशात शब्द येतो तो कोणाच्या तरी कामातून येतो. सुतार, शेतकरी, रेल्वेचा कामगार यांच्या तोंडचा शब्द पुष्कळदा पंतोजीच्या शब्दाहून मुळाला जवळचा असतो.

सुटी संपल्यावर मी वर्गात गेलो, ते मनाशी ठरवूनच गेलो. मुलांसमोर चूक कबूल करावयाची होती. तो बाक रिकामा होता. चौकशी केली तेव्हा कळले की, वडिलांची बदली झाली आणि कुटुंब भुसावळकडे गेले. मी वर्गाला सर्व हकीकत सांगितली, फळ्यावर त्याचे वाक्य लिहिले आणि त्याखाली ‘बरोबर’ असे लिहिले. मुलांनी ते उतरवून घेतले. ज्याने ते वाचावयास हवे होते, तो मात्र तेथे नव्हता. आता तो चाळिशीच्या पुढे गेला असेल. तो एक गुण माझ्याकडून त्याचे अद्याप देणे आहे.

श्रोतेहो, आपल्या घरी लहान मुले असतील. त्यांच्या वहीत एखादा शब्द चमत्कारिक वाटला, तर रेघ ओढण्यापूर्वी एकदा विचारावे की, हा तू कोठे ऐकलास? आणि पुढच्या खेपेस कर्जतला गाडी थांबली, पाठीमागून हलका धक्का बसला, म्हणजे समजावे की आपली गाडी आता ‘कपल’ झाली. इतकेच माझे दोन शब्द.