किंग्सक्लिअरच्या पागेत

उठा, उठा! नीट उजाडलंही नाही, पण खाली अंगणात नाल खडखडायला लागलेत. तुम्ही आहात इंग्लंडमधल्या हॅम्पशायरात, किंग्सक्लिअर गावच्या पार्क हाउस पागेत. साल १९७१. पांघरूण फेका, लीद काढायचा काटा घ्या आणि चला.

दार उघडलंत की रात्रभर भिजलेल्या पेंढ्याचा झणझणीत वास नाकात जातो. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. आठवडाभरात जाणवणारही नाही. ओला पेंढा बाहेर काढा, कोरडा पसरा. घोडा तुमच्या मानेवर गरम श्वास सोडेल, खिसा हुंगेल. मग खरारा, दंड भरून येईपर्यंत. मग खोगीर. इथे लीद काढणारे हातच रपेटीला लगाम धरतात.

एकदम कुजबुज थांबते. इयन बाल्डिंग आलेत, पागेचे ट्रेनर. वय जेमतेम बत्तीस. दहा वर्षांपूर्वी हा गडी केंब्रिज विद्यापीठाकडून रग्बी खेळत होता, फुल बॅकच्या जागी. सगळ्यांच्या मागे एकट्यानं उभं राहायचं, आभाळातून खाली येणारा चेंडू झेलायचा, आणि समोरून धिप्पाड माणसं अंगावर धावून येत असली तरी नजर हलू द्यायची नाही. आता ती नजर घोड्यांच्या पायांवर असते. बघा, ते वाकून गुडघ्याखाली हात फिरवतायत, सावकाश, खुरापर्यंत. कुठे जराशी ऊब लागली, तरी त्या घोड्याची आजची दौड रद्द. ट्रेनरचं खरं काम मला या हातातच दिसतं. शर्यत सुटल्यावर त्याला नुसतं बघत राहायचं असतं.

आता टेकडीवर चला. वॉटरशिप डाउनच्या बाजूची ही खडूची टेकाडं, वर लुसलुशीत गवत, आणि कान बधिर करणारा वारा. मांड घट्ट ठेवा. शेजारून तो छोटासा तपकिरी घोडा निघून गेला ना? टापांचा आवाजही जेमतेम आला. तो मिल रीफ. अमेरिकेत व्हर्जिनियात जन्मला, मालक पॉल मेलन.

जूनमध्ये डर्बीच्या शर्यतीला एप्समला याल तेव्हा खिसा सांभाळा. उघड्या टपाच्या बसगाड्या, जत्रेतले पाळणे, तळलेल्या कांद्याचा वास, सिगारचा धूर, तुडवलेलं गवत, पांढरे हातमोजे घालून हातवाऱ्यांनी पैजेचे भाव सांगणारी माणसं. पलीकडचं दिसावं म्हणून कुणी तुमच्या खांद्यावर हात टेकवून उंच होतो. टॅटनम कॉर्नरच्या उतारावर घोडे वळतात आणि टेकडीभर एकच आरडाओरडा उठतो. काळ्या सदऱ्यावर सोनेरी क्रूस असलेला मिल रीफचा जॉकी जेफ लुईस पुढे सरकतो. मिल रीफ डर्बी जिंकतो. तुमचा घसा बसलेला, बूट चिखलाने माखलेले, आणि घोड्याला घरी नेऊन चंदी घालायची अजून बाकीच.

पुढच्या वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, साध्या सकाळच्या रपेटीत त्याचा पुढचा पाय मोडतो. पाठीवर त्याचा मोतद्दार जॉन हॅलम असतो. अशा घोड्याला त्या काळी बहुतेकदा गोळीच घालत. याच्यावर मात्र पागेतच शस्त्रक्रिया झाली. आता तुम्ही रात्री त्याच्याजवळ बसा. प्लास्टरमधला पाय अवघडला की तो वजन दुसऱ्या पायावर घेतो, आणि पेंढा सळसळला की तुमच्या काळजात धस्स होतं. घोडा पडला तर सगळंच संपलं. पण हा धडपडत नाही, उसळत नाही. शर्यतीचं रक्त अंगात असलेलं जनावर आठवडेच्या आठवडे असं शहाण्यासारखं उभं राहतं, याला मी डर्बीपेक्षा मोठा पराक्रम मानतो.

मिल रीफ पुन्हा शर्यतीत धावला नाही. तो पैदाशीसाठी न्यूमार्केटच्या नॅशनल स्टडमध्ये गेला, आणि १९७८ साली त्याचा मुलगा शर्ली हाइट्स एप्समची डर्बी जिंकला.