उपेक्षित हौशी विमानाचे पुनरुज्जीवन : नोंदींचा इतिहास आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. येथून पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर नागपूर लागते. भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तेथे आहे आणि मिहान परिसरात मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी असून तिचा उपयोग पुढे वैमानिक प्रशिक्षणासाठी होऊ लागला. म्हणजे विमान ही वस्तू आपल्या परिसराला अपरिचित राहिलेली नाही. तथापि एक प्रकारचे विमान येथे जवळजवळ आढळत नाही. ते म्हणजे एखाद्या व्यक्तीने आपल्या घरी, आपल्या हाताने बांधलेले छोटे विमान.

पाश्चात्त्य देशांत अशी विमाने हजारोंच्या संख्येने आहेत. बांधणारा वृद्ध होतो, विमान विकले जाते, नवा मालक ते वर्षानुवर्षे गोदामात ठेवतो आणि पुढे कोणीतरी ते पुन्हा उडण्यायोग्य करण्याचा संकल्प करतो. हे काम वरवर पाहता कारागिराचे वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ते मूलतः इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. त्यात साधनांची चिकित्सा करावी लागते. फरक एवढाच की, या चिकित्सेत चूक झाल्यास तिची किंमत प्राणाने मोजावी लागते.

हौशी विमानबांधणीची परंपरा

हौशी विमानबांधणीला लोकचळवळीचे रूप प्रथम फ्रान्समध्ये आले. आँरी मिन्ये यांनी बांधलेले ‘पू-द्यु-सिएल’ हे चिमुकले विमान १९३३ मध्ये उडाले. सुतारकाम जाणणाऱ्या कोणालाही ते बांधता यावे अशा रीतीने त्यांनी १९३४ मध्ये आपल्या पुस्तकातून त्याची माहिती प्रसिद्ध केली. फ्रान्स व इंग्लंडमध्ये अनेकांनी ते बांधले. परंतु लवकरच प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. १९३६ च्या सुमारास पवनबोगद्यातील चाचण्यांतून कारण उघड झाले. एकापाठोपाठ बसविलेल्या दोन पंखांचा परस्परांवर असा परिणाम होई की, विशिष्ट कोनात नाक खाली गेल्यावर वैमानिकाला विमान सावरता येत नसे. परिणामी या विमानावर बंदी आली. कारागिरी निर्दोष असूनही आराखड्यातील दोष घातक ठरू शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर चळवळीचे केंद्र अमेरिकेत गेले. १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. तेथील कायद्याने अशा विमानांना स्वतंत्र वर्ग दिला. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा छंदासाठी बांधलेला असावा, ही त्याची मुख्य अट होय. याच कायद्यातील दुसरी तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मूळ बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. विमान विकले तरी ते प्रमाणपत्र खरेदीदाराकडे जात नाही. खरेदीदार दुरुस्ती करू शकतो, परंतु वार्षिक तपासणीवर अधिकृत तंत्रज्ञाची किंवा मूळ बांधणाऱ्याची स्वाक्षरी लागते. विमानाविषयीचे ज्ञान बांधणाऱ्याच्या ठायी असते आणि विक्रीबरोबर ते आपोआप हस्तांतरित होत नाही, हे येथे कायद्यानेच मान्य केले आहे.

पुनरुज्जीवन : एक साधनचिकित्सा

कारखान्यात तयार झालेले जुने विमान आणि हौशी व्यक्तीने बांधलेले जुने विमान यांत मूलभूत भेद आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. या घटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. असे विमान दुरुस्त करताना प्रत्येक भाग कसा असावा हे निर्मात्याच्या आराखड्यावरून व पुस्तिकेवरून ठरविता येते. हौशी बांधणीच्या विमानाला असा प्रमाणग्रंथ नसतो. विकत घेतलेला आराखडा असला तरी बांधणाऱ्याने तो कोठे पाळला आणि कोठे बदलला, हे विमान उघडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिले काम हत्याराचे नसून कागदाचे असते. विमानाचे लॉगबुक, इंजिनाचे लॉगबुक, बांधणीच्या काळातील छायाचित्रे, साहित्याच्या पावत्या आणि वजनाचा तक्ता ही येथील प्राथमिक साधने होत. इतिहासलेखनात ज्याला बाह्य परीक्षण म्हणतात ते येथे अक्षरशः लागू पडते. नोंद कोणी केली, केव्हा केली आणि ती याच विमानाची आहे काय, हे प्रश्न प्रथम येतात. त्यानंतर अंतर्गत परीक्षण येते. नोंदीत इंजिन अमुक तास चालल्याचे लिहिले असेल, तर त्याच्या भागांची झीज त्याला दुजोरा देते काय? मध्येच काही वर्षे कोरी असतील, तर त्या काळात विमान कोठे व कसे ठेवले होते?

कागद जेथे संपतो तेथे वस्तू स्वतः साधन बनते. लाकडी पंखाचा मुख्य वासा बाहेरून रंगविलेला व सुबक दिसतो. परंतु जुन्या काळच्या केसीन सरसाचे सांधे ओलाव्याने व बुरशीने आतून सुटलेले असू शकतात. पंखावरील कापड उन्हाने कुजते, म्हणून त्याची ताकद तपासावी लागते. दीर्घकाळ बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर व कॅमशाफ्टवर गंज चढतो. टाकीतील जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर कार्बुरेटरची छिद्रे बुजवितो, रबरी नळ्या कडक होतात आणि सुकाणूला जोडणाऱ्या तारा कप्पीजवळ तंतूतंतूने तुटलेल्या असतात. उंदीर व पक्षी यांची घरटी तर ठरलेलीच. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाळ्यात ही सर्व प्रक्रिया अधिक वेगाने घडते.

सर्व भाग दुरुस्त झाल्यावर विमानाचे नव्याने वजन करून गुरुत्वमध्य निश्चित करावा लागतो. रंगाचा एखादा जादा थर किंवा शेपटीकडे सरकविलेली बॅटरी जुना तक्ता निरुपयोगी ठरविते. त्यानंतर जमिनीवर इंजिन चालविणे, धावपट्टीवर हळू व मग वेगाने धावविणे आणि शेवटी विमानतळाच्या परिसरातच पहिले उड्डाण, असा क्रम पाळला जातो. या प्रत्येक टप्प्याची नोंद नव्याने लिहिली जाते. पुनरुज्जीवन करणारा अशा प्रकारे पुढील वाचकासाठी साधने निर्माण करीत असतो.

नोंद न वाचली गेल्याचे उदाहरण

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ झालेला मृत्यू या संदर्भात उद्‌बोधक आहे. ते अनुभवी वैमानिक होते. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून अन्य व्यक्तीने बांधलेले ‘लाँग-ईझी’ विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळविणारी कळ वैमानिकाच्या पुढे होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या, इंधनमापकावरही नव्हत्या. मापक पाहण्यासाठी वैमानिकाला हातातील आरशाचा आधार घ्यावा लागे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षानुसार, उड्डाणात ही कळ फिरविण्याच्या प्रयत्नात विमानावरील ताबा सुटला. कळीची अवघड जागा व खुणांचा अभाव यांचा मंडळाने आपल्या कारणमीमांसेत स्पष्ट समावेश केला.

हाच आराखडा भारतातही वापरला गेला, हे विशेष. बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने लाँग-ईझीवर आधारित संशोधन विमान बांधले व ते १९८७ मध्ये उडाले. एकच आराखडा, परंतु बांधणाऱ्यागणिक विमान वेगळे. आराखड्याची प्रत हे मूळ साधन असले तरी प्रत्येक विमान ही त्याची पाठभेद असलेली प्रत असते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

हौशी विमानबांधणीची चर्चा महाराष्ट्रात शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावापासून सुरू होते. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडविल्याचे सांगितले जाते. परंतु हे कथन उत्तरकालीन वृत्तांतांवर उभे आहे. यंत्र उपलब्ध नाही आणि ज्यावरून उड्डाण पडताळता येईल असे आराखडे वा चाचणीच्या नोंदीही उपलब्ध नाहीत. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे परीक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केले. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही इतिहासाच्या विद्यार्थ्याला उड्डाणाचा दावा सिद्ध मानता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली-चारकोप येथे कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात ते मांडले गेले, त्यासाठी ते सुटे करून गच्चीवरून उतरवावे लागले. नोंदणीसाठीचे प्रयत्न २०११ पासून सुरू होते. हौशी विमानांसंबंधीच्या नियमांमुळे ते रखडले आणि राज्य शासनाच्या पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ‘व्हीटी-एनएमडी’ ही नोंदणी दिली. उड्डाणाची अनुमती २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी उड्डाण झाले. नोंदणीच्या पहिल्या प्रयत्नापासून उड्डाणापर्यंत सुमारे नऊ वर्षे गेली. यंत्र तयार असूनही त्याला कायद्यात जागा नसेल तर तेही उपेक्षित यंत्रच ठरते. मात्र या विमानाची नोंदणी, अनुमती व चाचणी यांचे कागद अस्तित्वात आहेत. तळपदे यांच्या बाबतीत जी अडचण आली ती शंभर वर्षांनंतर यादव यांच्या विमानाच्या अभ्यासकाला येणार नाही.

समारोप

वायुसेनेच्या ऐतिहासिक ताफ्यातील ‘टायगर मॉथ’ २०१२ मध्ये आणि भंगारातून मिळविलेले ‘डाकोटा’ २०१८ मध्ये पुन्हा सेवेत आले, परंतु दोन्हींचे पुनरुज्जीवन ब्रिटनमध्ये झाले. मोठ्या विमानांची देखभाल नागपुरात होऊ शकते. लाकूड, कापड व सरस यांच्या जुन्या छोट्या विमानाचे ज्ञान मात्र बाहेरून आणावे लागते, कारण ज्या हौशी परंपरेतून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती आपल्याकडे रुजली नाही.

१९३४ च्या विमान अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. नव्या व्यवस्थेत हौशी विमानाला आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला सुस्पष्ट स्थान मिळणे आवश्यक आहे. महाविद्यालयांपुरते बोलायचे तर भौतिकशास्त्र आणि इतिहास या विभागांना एकत्र आणणारा हा विषय आहे. त्यासाठी विमानच हवे असे नाही. गावातील बंद पडलेली भातगिरणी, जुने तेलइंजिन किंवा पाण्याचा पंप घ्यावा, त्याच्या पावत्या व दुरुस्त्यांच्या नोंदी गोळा कराव्यात, ते चालविणाऱ्या व्यक्तीची मुलाखत नोंदवून ठेवावी आणि मगच यंत्राला हात लावावा. ती व्यक्ती हयात असतानाच हे काम व्हावयास हवे.