अननसाचं चुलत घराणं

अननस आपल्या लग्नाच्या शिऱ्यात इतका मुरला आहे, की तो परका आहे असं म्हटलं तर आचारी झारा घेऊन अंगावर येईल. पण कोलंबसाला तो १४९३ साली ग्वादलुप बेटावर भेटला आणि पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो हिंदुस्थानात उतरवला. ‘अननस’ हे नावदेखील ब्राझीलच्या तुपी लोकांचं. लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्याला आला आणि आर्चबिशपच्या पदरी लिहिण्याच्या कामावर राहिला. म्हणजे आमच्याच पंथातला. इथले लोक या फळाला ‘अनानसा’ म्हणतात, अशी नोंद त्याने केली. शिवाय पोर्तुगीजांच्या सागरी वाटाही उतरवून घेतल्या आणि मायदेशी परतल्यावर छापून टाकल्या! कारकुनाला कमी लेखू नये ते यासाठी. पुढे जहांगीर बादशहाने लिहिलंय, की आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारो अननस निघतात.

आता या अननसाची चुलत भावंडं म्हणजे ब्रोमेलियाड. हिंजवडीत भातखाचरं होती आणि म्हातोबाचं बगाड हीच मोठी वाहतूक होती, तेव्हा ही मंडळी इथे कुठून असणार? राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं, काचेच्या इमारती आल्या आणि दारातल्या सोफ्याशेजारी लालभडक गुझमानियाची कुंडी आली. आमच्या गॅलरीतली पाहून पाहुणे पहिल्यांदा चिमटा काढून बघतात. प्लॅस्टिकची नाही म्हटल्यावर त्यांची निराशाच होते.

घराण्याचं नाव ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्यावरून पडलं. त्यातल्या टिलँड्सियाची गोष्ट मात्र मला फार आवडते. टिलँड्स नावाच्या प्राध्यापकाला बोट लागायची, म्हणून तो म्हणे समुद्राला वळसा घालून शेकडो मैल चालत गेला. मुळाशी पाणी नको असणाऱ्या झाडाला लिनियसने त्याचं नाव देऊन टाकलं. गुझमानिया मात्र पानांच्या मधल्या पेल्यात पाणी साठवते. आमच्या टँकरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून मी पावसाचं पाणी बरण्यांत भरून ठेवतो. (लोणच्याची बरणी गेल्याबद्दल घरात अजून बोललं जातं.) चैत्रातलं ऊन थेट नको, आणि बोर्डो मिश्रणाचा हात तर अजिबात नको, तांबं या झाडांना सोसत नाही.

पेल्यावरूनच सोसायटीत ठिणगी पडली. सेक्रेटरी म्हणाले, “साहेब, हे डासांचं प्रसूतिगृह आहे. डेंग्यू झाला म्हणजे कळेल.” माणूस चूक बोलत नव्हता. त्यांना मी जहांगीरापासून इतिहास ऐकवला, त्यांनी नोटीस ऐकवली. शेवटी दर तिसऱ्या दिवशी पेला उपडा करून धुवायचा, या अटीवर कुंडी बचावली. रविवारी ते स्वतः तपासणीला येतात. आमच्या शाखेत ऑडिटर इतक्या नेमाने येत नाही.

खरी पंचाईत निराळीच. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. तुरा महिनोन्‌महिने टिकतो, मग आई हळूहळू वाळते. फुलायलाच तयार नसेल तर घाई करता येते: अझोर्स बेटांवर काचगृहात धूर झाला नि अननस एकदम फुलले, तेव्हा हे उमगलं. पुढे कळलं, की ही करामत धुरातल्या इथिलीनची. पिकलेलं सफरचंदही तेच सोडतं. म्हणून पेला रिकामा करून, झाड सफरचंदासकट आठवडाभर पिशवीत बांधतात. ‘मुदतपूर्व परतावा’ म्हणून मी ते टाळलं. आणि सफरचंदाचा भाव बघून हिनेही.

आमचीचा तुरा गेल्या दिवाळीत आला, आता तपकिरी झालाय. मुलगी म्हणते, “बाबा, टाका ना ते.” टाकतोय कसला! बुंध्याशी दोन पिल्लं आलीत. आईच्या निम्म्याएवढी झाली की मुळांसकट कापून वेगळी लावायची, तोवर आईचं अन्न तोडायचं नाही. एक पिल्लू मुलीच्या नावावर आहे. दुसरं सेक्रेटरींनी मागून ठेवलंय.