सरधन्याचे चर्च आणि बेगम समरू

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईत वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, हे आपण शाळेत शिकतो. त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूला मेरठजवळच्या सरधन्याच्या पलटणीही होत्या, हे मात्र मला फार उशिरा कळले. त्या पलटणींची मालकीण होती बेगम समरू. सरधन्याचे भव्य कॅथलिक चर्च तिनेच बांधले.

मुस्लिम घरात जन्मलेली ही बाई तरुणपणी दिल्लीत नाचगाणे करायची. पुढे वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू या युरोपीय भाडोत्री सेनानीशी तिची गाठ पडली. १७७८ मध्ये तो वारला आणि फौज व जहागीर तिच्या हाती आली. १७८१ मध्ये आग्र्यात तिने बाप्तिस्मा घेतला.

‘धर्म सोडलेली बाई, तिच्याशी आपले काय नाते?’ हा प्रश्न आमच्याकडे विचारला जाईल. मीही तो मनात विचारला होता. पण बाप्तिस्म्यानंतर सात वर्षांनी, १७८८ मध्ये, गोकुळगडाजवळ बादशहा शाह आलम संकटात सापडला, तेव्हा हीच बेगम फौज घेऊन धावली. बादशहा तिला लेक मानायचा. झेबुन्निसा हा किताबही त्यानेच दिलेला.

चर्चचा आराखडा तिच्या पदरच्या अँटोनियो रेघेलिनी या इटालियन अधिकाऱ्याचा. खर्च सुमारे चार लाख रुपये. शिलालेखावर साल १८२२. दर्शनी खांब आणि घुमट युरोपीय वळणाचे, पण वेदीच्या संगमरवरात रंगीत दगड जडवले आहेत, ताजमहालात जडवावेत तसे. १८३४ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी सरधन्याला स्वतंत्र बिशप दिला आणि हे चर्च कॅथेड्रल झाले. तो मान फार काळ टिकला नाही. २७ जानेवारी १८३६ रोजी बेगम वारली आणि जहागीर कंपनीने घेतली. १९६१ मध्ये चर्चला बसिलिकेचा दर्जा मिळाला.

आत तिचे स्मारक आहे, रोममध्ये तादोलिनीने घडवलेले. सर्वांत वर बेगम बसली आहे, हिंदुस्थानी पोशाखात, अंगावर शाल. हातात जहागिरीचे बादशाही फर्मान. ख्रिस्ती देवळात मुघल फर्मान!

आज प्रत्येक जुन्या वास्तूपुढे उभे राहून ‘ही मूळ कुणाची?’ असे विचारले जाते. सरधन्यात नोव्हेंबरच्या जत्रेला हिंदू-मुसलमानही नवस घेऊन येतात. ते हा प्रश्न विचारत नाहीत. मीही आता विचारत नाही.