आधी पाट पाहू

बीडजवळच्या सोळाव्या शतकातील खजाना विहिरीचे पाणी भुयारी पाटाने शेतांकडे नेलेले होते. पाट मध्येच थांबला, तर विहीर आटली असे आपण लगेच म्हणत नाही. आधी पाट पाहतो.

संगणकांच्या जाळ्यातही माहितीचा साठा एकीकडे, वापरणारे अनेक. दूरची फाइल जवळचीच वाटावी, अशी एनएफएस ही व्यवस्था ‘सन’ कंपनीने १९८४ मध्ये तयार केली. पण सारी गर्दी एकाच यंत्रावर होई. २०१० च्या ४.१ आवृत्तीत समांतर मार्ग आला: एक यंत्र ठावठिकाणा सांगते, फाइलचे तुकडे अनेक यंत्रांकडून थेट मिळतात.

ही जोडणी सारखी जुळू-तुटू लागली तर? गरज पडताच जोडणारा आणि वापर थांबला की सोडणारा प्रोग्रॅम १९८० च्या दशकातच आला होता. म्हणून आपण नोंदींतील वेळा मांडून पाहू. दर वेळी वापर थांबल्यावर ठरावीक मिनिटांनीच जोडणी सुटत असेल, तर तो बिघाड नव्हे. मुदत वाढवली की झाले. कामाच्या मध्येच, कशाही वेळी तुटत असेल, तर जाळे तपासावे. घाईने साठ्याचे यंत्रच बंद केले, तर सर्वांचेच काम अडते.